अ आणि ब मधला फरक

नवरा तिसऱ्यांदा "चूक" म्हणाला तेव्हा तिला आधी वाटलं, तो मुद्दाम चिडवतोय. रविवारची दुपार होती, जेवणं उरकली होती, आणि ती बाहेरच्या खोलीतल्या आरामखुर्चीत डोळ्यांना रुमाल बांधून बसली होती. डोक्यावर लेकीने पन्नाशीच्या वाढदिवसाला पाठवलेला भलामोठा, मऊ, बिनतारी हेडफोन होता. नवरा शाळेत भूगोल शिकवायचा आणि परीक्षा म्हटली की ती कसलीही असो, त्याच्या अंगात पर्यवेक्षक संचारायचा. त्याने फोन वर्तमानपत्राच्या आड धरला होता. आधी अ लावायचा, मग ब लावायचा, मग पुन्हा त्या दोघांतलं एक, आणि तिने सांगायचं की शेवटी वाजलं ते कोणतं. अ म्हणजे कितीतरी वर्षं घरात असलेली गाण्यांची सेवा, सवयीची, फार चिकित्सा न करता वापरलेली. ब म्हणजे महिनाभर फुकट मिळालेली नवी सेवा. ती म्हणत होती की रेकॉर्डिंगच्या खोलीत जे वाजलं ते केसभरही न गाळता आम्ही तुमच्या कानाशी आणून देतो. गाणं एकच होतं, तीच गाणारी बाई, तोच पियानो. "आता कोणतं?" नवऱ्याने विचारलं. "ब," ती म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिला कळलं की आपण ऐकून सांगत नाही, ठोकून देतोय. "चूक," नवरा पुन्हा म्हणाला आणि मनापासून हसला. त्या हसण्यात काहीच वाईट नव्हतं. तरी तिला त्याच्याबरोबर हसता आलं नाही.

कारण दुसरी कुणी बाई असती तर रुमाल सोडून चहा टाकायला उठली असती. ही कान तपासणारी बाई होती. एका मोठ्या इस्पितळाच्या दुसऱ्या मजल्यावर, व्हरांड्याच्या टोकाला, लोकांना किती ऐकू येतं हे मोजायचं हेच तिचं काम. पोरंबाळं, म्हातारेकोतारे, कारखान्यातून आलेले, लग्नाआधी गुपचूप आलेले, सगळे तिच्यापुढून गेले होते. इस्पितळात तिला कानाच्या मॅडम म्हणत आणि घरी तर तिच्या कानाचा दबदबाच होता. नळ कुठल्या खोलीत गळतोय, पंखा कुठल्या बाजूने कुरकुरतोय, जावयाच्या गाडीत काय सैल झालंय, हे ती बसल्या जागेवरून सांगायची. म्हणून तर लेकीने हे काम तिच्यावर सोपवलं होतं. "आई, तू ऐकून सांग. तू म्हणशील ती सेवा आपण तिन्ही घरांसाठी घेऊ." तिन्ही घरं म्हणजे लेक-जावई, हे दोघं, आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला एकटा राहणारा तिचा दीर. तो दीर फोनवरून म्हणाला होता, "वहिनींचा कान म्हणजे सर्वोच्च न्यायालय. त्याच्यावर अपील नाही." तेव्हा तिलाही बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोला. आणि आता न्यायालय आरामखुर्चीत बसून अंदाजपंचे निकाल देत होतं.

"अगं, जाऊ दे ना," नवरा म्हणाला, "मघाशी मीही लावून ऐकलं, मला तर दोन्ही सारखीच वाटतात." त्याला काय, त्याला सगळंच सारखं वाटायचं. ती म्हणाली, "दमलेय मी, पुन्हा केव्हातरी ऐकते," आणि हेडफोन काढून ठेवला. मग स्वयंपाकघरात जाऊन उगाचच नळ सोडून उभी राहिली. पाण्याचा आवाज येत होता. पण पाण्याच्या आवाजात एक वरचा, बारीक, काचेसारखा थर असतो, तो येत होता का? की तो असतो हे तिला ठाऊक होतं म्हणून ती तो मनानेच भरून काढत होती? हा प्रश्न एकदा पडला आणि मग तो काही केल्या जाईना. चमचा ताटलीवर ठेवला तरी तोच प्रश्न. शेजारच्या दाराची कडी वाजली तरी तोच. माणसाचं डोकं ऐकण्यात किती लबाडी करतं हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? जे कानाला सापडत नाही ते डोकं आठवणीतून आणून घालतं, आणि मालकाला पत्ता लागू देत नाही. ती पेशंटना हेच समजावायची, हसत हसत, समोर कागदावर कानाचं चित्र काढून.

वडिलांचं असंच सुरू झालं होतं. ते घड्याळजी होते. एका जिन्याखालच्या चिंचोळ्या दुकानात डोळ्याला भिंग लावून बसत आणि दुरुस्त केलेलं प्रत्येक घड्याळ गिऱ्हाइकाला देण्याआधी कानाशी धरत. लहानपणी तिला वाटायचं, घड्याळ वडिलांना काहीतरी सांगतं. आधी ते उजव्या कानाशी धरत. मग कधीतरी डाव्या कानाशी धरायला लागले, आणि ते कुणाच्याच ध्यानात आलं नाही. मग ते फार बोलायला लागले. त्यांच्या बोलण्याची सगळ्यांना गंमत वाटायची, दुकानात माणसं नुसती बोलणं ऐकायला बसायची. माणूस स्वतःच बोलत राहिला की त्याला दुसऱ्याचं ऐकावं लागत नाही, हे तिला फार पुढे, शिकताना कळलं. आणि बोलणं थांबलं की "हो, हो." कुणी काही म्हटलं की हो, हो. एकदा आईने सांगितलं की मी बहिणीकडे चाललेय, महिनाभर राहीन, पोरांचं तुम्ही बघा. "हो, हो," म्हणाले. आणि संध्याकाळी घरभर आईला शोधत फिरले, कपाटाच्या मागेसुद्धा बघितलं. ही गोष्ट पुढे घरात किती वेळा सांगितली गेली, आणि दर वेळी सगळे हसायचे. वडीलही हसायचे, सगळ्यांच्या मागून क्षणभराने, कारण सगळे हसताहेत हे दिसल्यावर मगच त्यांना हसता यायचं.

ती हा विषय शिकायला गेली तेव्हा वडिलांनीच पहिला पेशंट व्हायचं कबूल केलं. बंद खोलीत बसवायचं, कानाला हेडफोन, हातात बटण. बाहेरून ती सूर पाठवणार, आधी मोठा, मग लहान, मग आणखी लहान. ऐकू आला की त्यांनी बटण दाबायचं, की तिच्यापुढे दिवा लागणार. वडिलांचा दिवा असा झटझट लागत गेला की तिला अभिमानच वाटला. उत्तम कान, तिने घरी सांगितलं, उगाच सगळे बोलतात. पुष्कळ दिवसांनी, दुसऱ्याच कुणाला तपासताना, तिच्या ध्यानात आलं की सूर पाठवताना आपली नजर दर वेळी खाली यंत्राकडे जाते. आणि वडिलांची खुर्ची काचेकडे तोंड करून होती. ते सूर ऐकतच नव्हते, लेकीच्या पापण्या बघत होते. घड्याळजीच तो, एवढंसं हललेलंही त्याला दिसायचं. ती चिडून घरी गेली, आणि ते म्हणाले, "हो, हो," आणि नव्या घड्याळाची गोष्ट सांगायला लागले. पुढे ते गेले तोवर त्यांनी एकदाही, कुणालाही सांगितलं नाही. शेवटची वर्षं माणसांत बसून नुसते हसत असायचे. तिला त्यांचा राग यायचा, अजूनही येतो. बहिरेपणाचा नाही. एकच वाक्य होतं, "मला ऐकू येत नाही", तेवढं त्यांनी तिला कधी दिलं नाही, याचा. तेवढं वाक्य दिलं असतं तर तिने त्यांच्यासाठी काय केलं नसतं. इस्पितळात तिच्या खोलीतली खुर्ची काचेकडे पाठ करून असते ती तेव्हापासून.

तो आठवडा तिने कसा काढला ते तिलाच ठाऊक. ती "काय?" म्हणायची बंद झाली. ओठांवर आलेला "काय" गिळायचा, आणि समोरच्याचं पुढचं वाक्य ऐकून मागचं जुळवायचं. कँटीनमध्ये ती भिंतीकडे पाठ करून, म्हणजे सगळ्यांची तोंडं दिसतील अशी बसायला लागली. कुणी विनोद केला की ती हसायची आणि मग स्वतःलाच तपासायची: मी वेळेवर हसले का? हेडफोन कपाटात गेला. नवऱ्याने दोनदा विचारलं, "ठरलं का मग, अ की ब?" दोन्ही वेळा ती म्हणाली, "ऐकतेय अजून." ती काहीच ऐकत नव्हती. गाणं लावायची तिला धास्ती बसली होती. लेकीचा फोन आला. "आई, फुकटाचा महिना संपत आला. तू एवढी कधी घोळ घालत नाहीस."

"घाई कशाला? नीट ऐकून सांगते ना."

"बरं. पण तुझं सगळं ठीक आहे ना?"

"हो, हो," ती म्हणाली.

म्हणाली आणि फोन हातात धरून तशीच उभी राहिली. तिला कुणी थोबाडीत मारली असती तर एवढं लागलं नसतं. तोच आवाज, तीच घाई, समोरच्याला दारातूनच वाटेला लावायची तीच पद्धत. कानाचं काय व्हायचं ते होवो, पण तोंडाला ही सवय लागली तर आपण संपलो, असं तिला अगदी स्पष्ट वाटलं. तिला आपल्या कानांची भीती वाटत होती, पण त्याहून जास्त भीती तिला स्वतःची वाटली, त्या कपाटामागे आईला शोधणाऱ्या माणसाच्या मुलीची.

अडचण अशी होती की कान तपासणाऱ्याला स्वतःचे कान तपासता येत नाहीत. सूर आपणच पाठवायचा आणि आपणच ऐकायचा, म्हणजे कधी येणार ते बोटाला आधीच कळलेलं असतं. दुसरं माणूस लागतंच. आणि विभागात दुसरं माणूस एकच होतं, ते म्हणजे जिला सगळे रडार म्हणत ती. तिच्याच वयाची, तिच्याच हुद्द्याची, तिच्याच बरोबर नोकरीला लागलेली. कामाला सोन्यासारखी, पण इस्पितळात कुणाचं लग्न मोडलं, कुणाची बदली झाली, कुणाच्या डब्यात कुणी हात घातला, हे सगळं तिला सगळ्यांच्या आधी कळायचं आणि तिच्याकडून जेवणाच्या सुट्टीपर्यंत तळमजल्याला पोचायचं. रडारला सांगणं म्हणजे नोटीस बोर्डावर लावणं. कानाच्या मॅडमना ऐकू येत नाही, या बातमीला काय पंख फुटले असते ते तिला दिसतच होतं. तरी दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती रडारच्या समोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "माझे कान तपास."

रडारने चमचा खाली ठेवला. "कशाला?"

"तपास म्हणतेय ना."

"चक्कर येते? कानात शिट्टी वाजते? घरात कुणाला होतं?"

"शंभर प्रश्न विचारू नकोस."

"तूच ठरवलेत ते प्रश्न. पेशंटला विचारल्याशिवाय आत बसवायचं नाही, असं तूच सगळ्यांना बजावलंयस."

"वडिलांना होतं," ती म्हणाली. हे तिने इतक्या वर्षांत रडारला सांगितलं नव्हतं. रडार लगेच उठली. डब्याचं झाकण लावून, हात धुऊन आली.

आत जाऊन ती पेशंटच्या खुर्चीत बसली तेव्हा तिच्या ध्यानात आलं की आपण इथे कधी बसलोच नाही. खुर्ची बदलली तेव्हा बसून बघितली असेल तेवढंच. भिंतींवर भोकाभोकांचं राखाडी अस्तर, समोर काहीच नाही, काच पाठीमागे. रडारने जाड दार लावलं आणि बाहेरचं सगळं इस्पितळ पुसलं गेलं. ट्रॉल्या, लिफ्ट, मुलांची रडणी, काही नाही. इतकी शांतता की स्वतःचं रक्त ऐकू यावं, आणि आलंही. पेशंट आत बसल्या बसल्या का घाबरतात ते तिला पहिल्यांदा अंगाने कळलं. पहिला सूर आला. तिने बटण दाबलं. दुसरा, त्याहून लहान. बटण. मग तिला रडारची लय सापडली, दोघींनी एकत्रच तर शिकलेली ती लय, सूर, उसंत, सूर, आणि बोट लयीवर चालायला लागलं. तिला घाम फुटला. पाठ काचेकडे असूनही ती पापण्याच वाचत होती. पण रडारही कच्ची नव्हती. तिने मध्येच लय मोडली, लांबलचक गप्प बसली, इतकी की ही थांबून, मान वाकवून, खरोखर ऐकायला लागली. आता अंदाजाला जागाच नव्हती. असला सूर तर दाबायचं, नसला तर नाही. एवढा सरळ व्यवहार तिने त्या आठवड्यात कुणाशीही केला नव्हता.

मान वाकवली म्हणून हेडफोनची तार तिच्या मानेला लागली. जाड, काळी, गार तार. ती पाठीवरून खाली जाऊन भिंतीतल्या भोकातून बाहेर यंत्राला भिडलेली होती. तिने ती नुसतीच बोटांत धरली. आणि मग तिला हसू फुटलं, आधी नाकातून, मग मोकळं, आणि हसता हसता बटण दाबलं जात राहिलं. बाहेरून रडारचा आवाज आला, "दिवा कशाला लावतेयस? मी काही पाठवलेलंच नाही."

"तार," ती म्हणाली.

"काय?"

"तार गं, तार. त्या हेडफोनला तारच नाही."

साधी गोष्ट होती. बिनतारी हेडफोनला गाणं हवेतून पाठवायचं तर फोन आधी त्याला दाबून, चेपून, लहान करतो, आणि मग सोडतो. आलेलं गाणं अख्खं असो की आधीच गाळलेलं असो, फोन दोघांनाही एकाच मापाच्या पिशवीत कोंबतो. अ आणि ब तिच्या कानाशी पोचले तेव्हा त्यांच्यात फरक उरलाच नव्हता. नवरा तिला जुळ्या बहिणींतली थोरली ओळखायला लावत होता, आणि त्यातही त्याला दोघी सारख्या दिसत होत्या, म्हणजे भूगोलाच्या मास्तरचं निरीक्षण अगदी बरोबर होतं. आणि ती? कुणाचाही निकाल विचित्र आला की आधी यंत्र तपासा आणि मग कानाला बोल लावा, हे जिने सगळ्यांच्या डोक्यात ठोकून बसवलं होतं, ती यंत्राकडे न बघता सरळ स्वतःच्या कानांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभी करून मोकळी झाली होती. असं का केलं, हेही तिला त्या खुर्चीत कळलं. ती या निकालाची वाटच बघत होती. वडील गेल्यापासून, की त्याच्याही आधीपासून, तिने आपल्या पाळीची वाट बघितली होती, आणि पहिली हाक आल्याबरोबर उठून उभी राहिली होती.

"झालं हसून?" रडार म्हणाली. "मग राहिलेलं पुरं करू दे. अर्ध्यावर सोडायचं नाही, हेही तूच बजावलंयस." तिने राहिलेलं पुरं केलं.

बाहेर आल्यावर रडारने यंत्राचा पडदा तिच्याकडे वळवला. डाव्या कानाची रेघ वरच्या वर सरळ चालली होती. उजव्याची तिच्या जोडीने निघाली आणि अगदी टोकाला, वरच्या सुरांपाशी, पायरी चुकल्यागत खाली उतरली. फार नाही. पण उतरली होती. रडारने त्या टोकाला बोट लावलं. मग म्हणाली, "वयाचं आहे गं."

"हे वाक्य माझं आहे. मलाच नको ऐकवूस."

ती रेघेकडे बघत राहिली. वडिलांची खरी रेघ कुणी कधी काढलीच नाही, पण त्यांचाही उजवाच आधी गेला होता. म्हणजे हेही खरं होतं. हेडफोनची चूक ही चूक, आणि कानाचं हे कानाचं. आठवडाभर जी भीती घरभर पसरून बसली होती, नळात, चमच्यात, दाराच्या कडीत, ती आता एका रेघेच्या टोकाला बोटभर उरली होती. एवढी आहे तर, ती मनात म्हणाली. एवढीच आहे. आणि तिच्या आत काहीतरी उसळून वर आलं, ते दुःख नव्हतं, हे तिचं तिलाच नवल वाटलं.

"पुढचा पेशंट यायला वेळ आहे?" तिने विचारलं.

"आहे थोडा."

"मग यंत्राला कॉम्प्युटर जोड. पेशंटला रेकॉर्ड केलेले शब्द ऐकवायची जोडणी आहे ना, तिथून. आणि वरचे सूर तपासायचा मोठा हेडफोन दे मला."

"मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही."

"म्हणून तर तू हवीस."

तिने कॉम्प्युटरवर आपल्या खात्यातून दोन्ही सेवा उघडून दिल्या, तेच गाणं काढून दिलं, आणि कुठलं बटण अ आणि कुठलं ब ते सांगितलं. रडारने न सांगता दोन्हींचा आवाज काट्यावर मोजून सारखा केला. जे जरा मोठं वाजतं ते चांगलं वाटतं, हे कुठल्याही दुकानदाराला ठाऊक असतं आणि नवरा ते रविवारी साफ विसरला होता. ठरलं ते असं की रडार मनाला येईल ते लावणार, आणि ब वाजतंय असं वाटलं की तिने बटण दाबायचं. दार लागलं. इस्पितळ पुन्हा पुसलं गेलं.

आणि बाई गायला लागली. तिने डोळे मिटले नाहीत. डोळे मिटून ऐकायचं असतं असं लोकांना वाटतं, पण राखाडी भिंतीकडे बघत तिला जास्त ऐकू येत होतं. पहिल्या ओळीला ती कामावरच्या सवयीने फरक शोधत निघाली, वर, उंच, टोकाला, जिथे सूर संपत जातात तिथे. तिथे फारसं काही सापडलं नाही, उजवीकडे तर नाहीच. मग तिने शोधणं सोडलं आणि नुसती बसली. रडारने दुसरं लावलं असावं. कारण पियानोवरची बोटं उचलली गेली आणि सूर संपला नाही. तो खोलीत उरला. तिच्या या खोलीत नाही, त्या खोलीत, जिथे ती बाई कधीतरी उभी राहून गायली होती. त्या खोलीला एक छत होतं, डावीकडे जवळ भिंत होती, उजवीकडे मोकळी जागा होती, आणि सूर त्या मोकळ्या जागेत जाऊन, हळूहळू पातळ होत, नाहीसा झाला. मग बाईने श्वास घेतला. नुसता हवेचा आवाज नव्हे, ओठ सुटले, जीभ टाळूपासून निघाली, छाती भरली, आणि त्या भरण्यात जरा धाकधूक होती, पुढची जागा अवघड होती म्हणून. तिने बटण दाबलं. मग अचानक ती खोली मिटली. बाई होती, पियानो होता, स्वर सगळे होते, पण सूर संपला की संपायचा, कुणीतरी कडेने कात्री फिरवल्यागत. तिने बोट काढलं. पुन्हा खोली उघडली. बोट खाली. तिला आता विचार करावा लागत नव्हता. दार उघडंय की बंद, हे घरातल्या माणसाला बघावं लागत नाही, वाऱ्यावरून कळतं, तसं कळत होतं. उजव्या कानाला वरचं थोडं मिळत नव्हतं, नसू दे. जो फरक होता तो तिथे नव्हताच. तो सुरांच्या मधल्या जागेत होता, आणि ती जागा तिला दोन्ही कानांनी, भरभरून, ऐकू येत होती.

"एकही चुकलं नाही," रडारचा आवाज आला. त्यात चक्क आदर होता. "बास ना आता?"

"एकदा सबंध लाव. ब."

रडारने लावलं. बाई पहिल्यापासून गायला लागली आणि तिने बटण दाबलं ते दाबूनच धरलं. बाहेर दिवा जळत असणार. पेशंटने असं केलेलं चालत नाही, एक सूर, एकदा बटण, असा नियम आहे. रडारने हटकलं नाही. तिच्या गालांवरून पाणी येत होतं आणि तिला त्याची लाज वाटत नव्हती. मला ऐकू येतंय, ती त्या बटणाने सांगत होती, ऐकू येतंय, ऐकू येतंय, आणि जे येत नाही तेही मला ठाऊक आहे.

बाहेर येऊन तिने तोंड धुतलं. रडारला म्हणाली, "सांग आता सगळ्यांना. तळमजल्यापर्यंत. माझी परवानगी आहे."

"परवानगी दिल्यावर सांगण्यात काय राम," रडार तोंड वाकडं करून म्हणाली, आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून पुढच्या पेशंटची तयारी करायला गेली.

तिने व्हरांड्याच्या खिडकीशी उभं राहून एकदमच तिघांना फोन लावला. लेक फोनवर आली, नवरा शिक्षकांच्या खोलीतून आला, दीर आला. "न्यायालय बसलं का?" दिराने सुरुवात केली. "आम्ही कधीचे कठड्याला हात टेकून उभे आहोत."

"बसलं, भाऊजी. ब. नवी घ्यायची. पण आधी सगळ्यांनी तारेचे हेडफोन घ्या, नाहीतर घेऊन काही उपयोग नाही."

"आणि मी दिलेला?" लेक म्हणाली.

"तो मी भांडी घासताना घालीन. चांगला आहे त्याला."

लेक हसली. तिने ते हसणं संपू दिलं. इथवर सोपं होतं. आता इथे "चला, ठेवते" म्हणता आलं असतं, आणि कुणाला काही कळलं नसतं, पुष्कळ वर्षं कळलं नसतं. "आणखी एक," ती म्हणाली. "माझ्या उजव्या कानाला वरचे सूर कमी यायला लागलेत. आज तपासून घेतलं. आत्ता थोडं आहे. पुढे वाढेल. तुम्हाला ठाऊक असावं म्हणून सांगतेय."

शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी कपाट लावलं, तेही तिला ऐकू आलं. "अगं, म्हणजे रविवारी..." नवरा हळू म्हणाला.

"रविवारी माझा कान चुकला नव्हता, हेडफोन चुकला होता. तुम्हाला दोन्ही सारखी वाटली ते बरोबरच होतं. हे वेगळं आहे."

"आई," लेक म्हणाली, "बरं झालं सांगितलंस. मी रविवारी येते."

"ये. जावयांनाही आण."

मग दिराने घसा खाकरला. तो नेहमीसारखं काहीतरी विनोदी बोलणार म्हणून सगळे थांबले. "वहिनी," तो म्हणाला, "मला डाव्या कानाने फोनवरचं काहीच कळत नाही. बरेच दिवस झाले. मी उजवीकडेच धरतो. घरात दुसरं कुणी नाही, म्हणून कुणाच्या ध्यानात आलं नाही."

"कुणाला बोललात का हे?"

"तुम्हालाच. आत्ता."

तिने खिडकीच्या चौकटीला खांदा टेकला. हा माणूस दर सणासुदीला, दर वाढदिवसाला तिच्या समोर बसून एवढ्या मोठ्यांदा गमती सांगायचा, की दुसऱ्या कुणाला बोलायला फटच मिळायची नाही. आणि तीही सगळ्यांबरोबर हसत आली होती, कानाच्या मॅडम असून. पण त्याचा सल कुरवाळत बसायला आता तिला सवड नव्हती. जे वाक्य ऐकण्यासाठी तिने अर्धं आयुष्य एका माणसापुढे बसून काढलं होतं, ते दुसऱ्या कुणाच्या तोंडून का होईना, आज आलं होतं, आणि ते आलं कारण आधी तिने स्वतःचं सांगितलं. एवढी मोठी जीत तिला कधी मिळाली नव्हती.

"उद्या सकाळी पहिला नंबर तुमचा," ती म्हणाली. "मी स्वतः बघते."

"दुखतं का हो?"

"नाही. शांत खोलीत बसायचं आणि ऐकू आलं की बटण दाबायचं. नाही आलं तर नाही दाबायचं. खोटं दाबायचं नाही, मला कळतं."

"कळणारच," दीर म्हणाला. त्याचा आवाज जरा कापत होता आणि तरी तो हसत होता. "येतो मी. नक्की येतो."

तिने फोन ठेवला. व्हरांड्यात बाकांवर माणसं बसली होती. कुणी फोनमध्ये डोकं घातलेलं, कुणी पोराला मांडीवर घेतलेलं, कुणी पेंगणारं. रडारने आतून नंबरांचा कागद तिच्या हातात दिला. तिने पहिलं नाव वाचलं, मान वर केली आणि हाक मारली. हाक सबंध व्हरांडाभर गेली. टोकाच्या बाकावरची एक बाई पटकन उठून उभी राहिली आणि तिच्याकडे यायला लागली.